अल्फा युथ: व्हिडिओ चांगले, पण कस लागतो तो ॲनिमेटरचा

धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात) तरुणांसाठी काहीतरी सुरू करायचं ठरलं की आधी मुलांची यादी होते, मग हॉल ठरतो, मग बॅनर छापून येतो. मुलांबरोबर बसणार कोण, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच: मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर देवळाच्या पायरीवर जो सापडला आणि ज्याला फादरना 'नाही' म्हणता आलं नाही, तो. अल्फा युथ या कोर्सचं हे परीक्षण त्याच माणसासाठी, म्हणजे गट चालवणाऱ्या ॲनिमेटरसाठी किंवा गटप्रमुखासाठी आहे. मुलांना व्हिडिओ आवडतील का, यावर इंटरनेटवर पुष्कळ लिहिलेलं सापडेल. ज्या मोठ्यांना गट चालवायचा आहे त्यांना हा कोर्स काय शिकवतो आणि कुठे वाऱ्यावर सोडतो, ते इथे पाहू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्फा म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देणारा कोर्स. त्याचा उगम १९७७ सालचा, लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमधला. १९९० मध्ये निकी गंबेल यांनी सूत्रं घेतली आणि चर्चमध्ये न येणाऱ्यांसाठी त्याची नव्याने मांडणी केली. कॅथलिक धर्मग्रामांसाठी त्याची स्वतंत्र शाखा आहे. 'हे प्रोटेस्टंटांचं, आपल्याकडे कशाला' असं पॅरिश कौन्सिलमध्ये कोणी म्हणालंच, तर एवढं सांगावं: प्रौढांच्या व्हिडिओ मालिकेत रानिएरो कांतालामेस्सा बोलतात. हे कापुचिन धर्मगुरू १९८० पासून चार दशकांहून अधिक काळ पोपच्या घरचे प्रवचनकार होते आणि २०२० मध्ये कार्डिनल झाले. आक्षेप घेण्यासारख्या जागा कोर्समध्ये आहेत, पण त्या वेगळ्या. त्यांच्याकडे पुढे येऊ.

अल्फा युथ ही तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठीची आवृत्ती. संकेतस्थळावर आपला कोर्स नोंदवला की व्हिडिओ, चर्चेचे प्रश्न आणि टीमच्या प्रशिक्षणाचं साहित्य मिळतं, तेही फुकट. एकेक भाग साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा. मध्येमध्ये पडद्यावर प्रश्न येतो, व्हिडिओ थांबवायचा, गटात बोलायचं, मग पुढे. येशू कोण होता, तो का मेला, प्रार्थना कशी करायची, बायबल का वाचायचं, देव वाट दाखवतो म्हणजे काय, पवित्र आत्मा, बरं करणं, चर्च कशासाठी, असे विषय ओळीने येतात.

आता प्रशिक्षण. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला छोटा गट कसा चालवायचा, दुसरा प्रार्थना आणि कोर्सच्या मधल्या 'वीकेंड'बद्दल. पहिला भाग उत्तम आहे, आणि तोही एका साध्या कारणासाठी: गटप्रमुखाने शिकवायचं नाही, यावर तो ठाम आहे. गटप्रमुख यजमान आहे. पाणी विचारतो, नाव लक्षात ठेवतो, प्रश्न टाकतो आणि ऐकतो. 'तुला काय वाटतं?' आणि 'हे ऐकून तुला कसं वाटलं?' ही दोन वाक्यं त्याची मुख्य हत्यारं. चुकीचं उत्तर आलं तरी दुरुस्त करायचं नाही, 'बाकीच्यांना काय वाटतं?' म्हणून ते पुढे सरकवायचं. आपल्याकडे धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या शिक्षिकांना हे सगळ्यात जड जातं. वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या बाईंना मुलाने 'मला नाही वाटत येशू उठला' म्हटल्यावर गप्प बसायला सांगणं म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून करपणारी भाकरी बघत राहायला सांगणं. तरी गप्पच बसायचं. मुलाचं वाक्य तिथल्या तिथे खोडलं, तर पुढचे सगळे आठवडे त्या गटात कोणी खरं बोलत नाही.

पण इथेच प्रशिक्षणातला पहिला मोठा खड्डा आहे. ते तयार झालं आहे वाद घालणाऱ्या पाहुण्यासाठी. लंडनमध्ये किंवा टोरोंटोत गटात बसलेला मुलगा म्हणतो, 'देव वगैरे काही नसतं', आणि गटप्रमुखाला ते पेलायचं असतं. वसईतल्या गटात बसलेला मुलगा बाप्तिस्मा झालेला, कम्युनियन घेतलेला, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या विधीच्या) तयारीतला असतो. त्याला प्रश्न विचारा, 'येशू तुझ्यासाठी कोण आहे?' तो म्हणेल, 'तारणारा.' पूर्णविराम. उत्तर बरोबर आणि पाठ केलेलं. त्यातून पुढे जायला वाट नाही. इथल्या गटप्रमुखाची अडचण बंडखोर मुलगा नाही, होयबा मुलगा आहे. या परिस्थितीचा सराव प्रशिक्षणाच्या व्हिडिओत जवळजवळ नाही, म्हणून तो आपल्याला जोडावा लागतो.

जोडायचा कसा, तर असा. प्रशिक्षणाच्या संध्याकाळी सहा-सहा जणांचे गोल करा. एक जण गटप्रमुख. बाकी पाच जणांना चिठ्ठ्या द्या: एक सतत बोलणारा, एक मान खाली घालून बसलेला, एक मांडीवर मोबाइल ठेवून स्क्रोल करणारा, एक पाठ उत्तर देणारा, आणि एक अवघड प्रश्न घेऊन आलेला ('माझी आजी एवढी प्रार्थना करायची, मग ती अशी तडफडून का गेली?'). सात मिनिटं घड्याळ लावून चालवा आणि एका निरीक्षकाला फक्त गटप्रमुखाची वाक्यं मोजू द्या. पहिल्या फेरीत बहुतेक गटप्रमुख निम्म्याहून जास्त वेळ स्वतःच बोलतात. तीन फेऱ्यांनंतर ते प्रमाण एक पंचमांशावर आलं तर माणूस तयार. पाठ उत्तरावर उपाय एकच चालतो: 'हे तू कुठे शिकलास ते मला माहीत आहे, पण परवा बोर्डाचं टेन्शन आलं होतं तेव्हा हे आठवलं होतं का?' आणि मग मनात दहा आकडे मोजायचे. शांतता चार सेकंदांची झाली की नवखा ॲनिमेटर घाबरून स्वतःच उत्तर देऊन टाकतो. बोलायची हिंमत मुलाला साधारण सातव्या-आठव्या सेकंदाला होत असते.

आजीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. 'आजीचं नाव काय होतं?' एवढं विचारायचं.

दुसरा खड्डा नात्यांचा. परदेशी प्रशिक्षणात गृहीत धरलेलं आहे की गटप्रमुख आणि मुलं एकमेकांना अनोळखी. आपल्याकडे गटप्रमुख म्हणजे मुलीची मावशी, मुलाच्या वडिलांचा मित्र, किंवा शेजारच्या वाडीतले काका. गटात बोललेलं संध्याकाळच्या रोजरीपर्यंत (जपमाळेच्या प्रार्थनेपर्यंत) घरी पोहोचलं, तर संपलंच. म्हणून गट पाडताना तीन नियम कडक पाळावेत. गटप्रमुख मुलाच्या आळीतला नको. आई-वडील स्वतःच्या मुलाच्या गटात नकोत, मदतनीस म्हणूनही नकोत. आणि फादर किंवा सिस्टर कोणत्याही गोलात बसू नयेत. त्यांनी चहाच्या वेळी फिरावं, मुलांची नावं घ्यावीत आणि चर्चा सुरू झाली की ऑफिसात जाऊन बसावं. फादरना हे सांगायला धीर लागतो, पण फादर गोलात बसले की सगळी उत्तरं 'तारणारा' होतात.

गटाचा आकार गटप्रमुख-मदतनीस धरून बाराच्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडे आठ मुलं, दोन गटप्रमुख आणि एक मदतनीस हे जुळणीला बरं पडतं. दोन गटप्रमुख का? कारण एकाची नाइट शिफ्ट लागते, दुसऱ्याचं लग्न ठरतं, तिसऱ्याचा कॅनडाचा व्हिसा येतो. एकटा गटप्रमुख असलेला गट पाचव्या-सहाव्या आठवड्यात मोडतो. मदतनीस म्हणून मागच्या वर्षी कोर्स केलेला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घ्यावी. पुढच्या वर्षीचा गटप्रमुख तिथेच घडतो.

वयाची गफलत हा सर्रास दिसणारा गोंधळ. युवा संघटनेत अठराच्या पुढचे, अगदी तिशीतलेही असतात, आणि कोर्स आहे तेरा ते अठरासाठी. नववीतली मुलगी आणि सत्तावीस वर्षांचा बँकेतला कारकून एका गोलात बसवले तर दोघंही गप्प बसतात. शिवाय त्यात मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मोठ्यांना टीममध्ये घ्या किंवा त्यांच्यासाठी प्रौढांची मालिका वेगळी लावा.

भाषेबद्दल. मालिकेतलं इंग्रजी वेगवान आहे, विनोद पाश्चात्त्य शहरी मुलांचे आहेत. नालासोपारा-विरारच्या ज्या धर्मग्रामांत गोवेकर, मंगळुरी, मल्याळी, तमीळ कुटुंबं आहेत आणि मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, तिथे अडचण येत नाही. नंदाखाल-गास-निर्मळ पट्ट्यात मराठी माध्यमातल्या मुलांना पहिली पाच मिनिटं कळतात आणि मग ती पडद्याकडे नुसती बघतात. यावर उपाय आधी करावा लागतो: ज्या गटप्रमुखाचं इंग्रजी चांगलं आहे त्याने भाग दोनदा पाहून प्रत्येक थांब्यासाठी चार-पाच वाक्यांचा मराठी गोषवारा लिहून आणायचा आणि व्हिडिओ थांबला की सांगायचा. पडद्यावरचे प्रश्न भाषांतरित न करता आपल्या शब्दांत पुन्हा घडवायचे. आणि चर्चा घरच्या बोलीत होऊ द्यायची, कादोडीत तर कादोडीत, वाडवळीत तर वाडवळीत. प्रार्थनेबद्दल प्रमाण मराठीत बोलणारा मुलगा बोलीत आला की आवाज बदलतो, हे कोणत्याही गटात दिसेल. मात्र हौसेने स्वतःच्या आवाजात डब करून व्हिडिओ यूट्यूबवर चढवू नका. त्याला परवानगी लागते.

संध्याकाळचा हिशेब. शनिवार बरा, कारण आठवडाभर कॉलेजची मुलं लोकलमधून साडेसात-आठला उतरतात. सहाला दार उघडायचं, साडेसहापर्यंत खाणं, दहा मिनिटं ओळख आणि खेळ, मग व्हिडिओ आणि मधल्या चर्चा धरून पंचेचाळीस-पन्नास मिनिटं, शेवटी वीस मिनिटं मोकळी चर्चा, आणि आठच्या आत मुलं घराकडे. आठचे सव्वाआठ झाले की पुढच्या शनिवारी मुलींची संख्या कमी होते. पालक बरोबरच असतात. तीन गटांत चोवीस मुलं, नऊ गटप्रमुख-मदतनीस, स्वयंपाक-पडदा सांभाळणारे चार, असे सदतीस जण धरले तर साठ वडापाव आणि साडेचार लिटर चहा पुरतो. सुकेळी असतील तर उत्तमच. खाणं आधी ठेवायचं, शेवटी नाही. शेवटी ठेवलं तर मुलं चर्चेत वडापावाकडे बघतात. आधी ठेवलं तर उशिरा येणारे चर्चेत अडथळा न आणता सामील होतात. अल्फामध्ये जेवणाला इतकं महत्त्व आहे ते यासाठीच, आणि पैसे वाचवायला नेमकं तेच आधी कापलं जातं.

व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा, हॉलच्या वायफायवर विसंबू नका. पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला आणि एक चार्जिंगचा स्पीकर जवळ हवा. धर्मग्रामाच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. तिन्ही गट तिथेच बसवले तर मोठ्या आवाजाचा गट बाकी दोघांना गिळतो. एक गट हॉलमध्ये, एक व्हरांड्यात, एक धर्मशिक्षणाच्या वर्गात, दार उघडं ठेवून. टेबलं नकोत. गटात जितकी माणसं तितक्याच खुर्च्या, गोलात. रिकामी खुर्ची उरली की कोणीतरी मागे सरकतो.

आता वीकेंड आणि प्रार्थना. कोर्सच्या मध्यावर पवित्र आत्म्यावरच्या भागांसाठी दोन दिवसांचं शिबिर किंवा एक पूर्ण दिवस ठेवायचा असतो. प्रशिक्षण इथे नेटकं आहे: प्रार्थना करण्याआधी विचारायचं, मुलाने मुलासाठी आणि मुलीने मुलीसाठी प्रार्थना करायची, आवाज चढवायचा नाही, काही 'घडलं' नाही म्हणून मुलाला कमी लेखायचं नाही. कॅरिस्मॅटिक (पवित्र आत्म्याच्या उत्कट, मोठ्या आवाजातल्या प्रार्थनेच्या) शिबिरांना सरावलेल्या टीमला हे वाचून दाखवा, दोनदा. भावना उचंबळवणं सोपं असतं. सोमवारी वर्गात बसल्यावर मुलाला जे रितेपण येतं, ते सांभाळायला तिथे कोणी नसतं. आणि एक गोष्ट टीमने स्वतः स्पष्ट करावी, कारण व्हिडिओ करणार नाही: ही प्रार्थना म्हणजे दृढीकरण नव्हे आणि दृढीकरणाची जागा ती घेत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत परदेशी साहित्यावर अवलंबून राहणं चुकीचं ठरेल, कारण कायदा आपला आहे. २०१२ च्या पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी प्रत्येकाची आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'आधी फादरना सांगू, समिती बघेल' हे पोलिसांना कळवण्याऐवजी चालत नाही. गटप्रमुखांच्या प्रशिक्षणात यासाठी वेगळा एक तास ठेवाच, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर नोटिसबोर्डवर लावा. मूल गटात काही सांगू लागलं तर 'हे कोणालाच सांगणार नाही' असं वचन गटप्रमुखाने द्यायचं नाही. 'तुझ्या मदतीसाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन' असं म्हणायचं. एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस बंद खोलीत नको, रात्री दहानंतर खासगी व्हॉट्सॲप मेसेज नको, ग्रुपवर दोन मोठे हवेतच. मुक्कामी शिबिराला पालकांची लेखी परवानगी, औषधं-ॲलर्जीची नोंद, आणि मुलींसाठी मुक्कामी महिला. यातलं काहीही 'आपलीच माणसं आहेत' म्हणून सोडायचं नाही.

कॅथलिक म्हणून कोर्समधली सगळ्यात मोठी उणीव संस्कारांची, म्हणजे चर्चच्या पवित्र विधींची. सगळ्या चर्चना चालावा म्हणून तो सामायिक भूमीवरच थांबतो. मिस्सा, कुमसार (पापांची कबुली), पवित्र मरिया, संत, यांचं नाव जवळजवळ निघत नाही. हा दोष म्हणण्यापेक्षा मर्यादा म्हणू, पण टीमला ती आधी माहीत हवी. नाहीतर चौथ्या आठवड्यात एखादी आजी फादरना विचारते, 'रोजरी शिकवत नाहीत वाटतं?' आणि गटप्रमुख गोंधळतो. मालिकेत मध्येच संस्कार घुसवू नका, तिची वीण उसवते. कोर्स संपला की सहा आठवड्यांची पुरवणी ठेवा. त्यासाठी युकॅट हे तरुणांसाठीचं कॅथलिक धर्मशिक्षणाचं पुस्तक सोयीचं आहे: २०११ च्या माद्रिदच्या जागतिक युवा दिनाच्या वर्षी आलेलं, ५२७ प्रश्नोत्तरांचं. प्रश्न २०३ ते २०७ दृढीकरण, २०८ ते २२३ मिस्सा, २२४ ते २३९ कुमसार. एका बैठकीला तीन-चार प्रश्न पुरे. पुस्तकातलं उत्तर आधी वाचायचं नाही. मुलांनी बोलून झाल्यावर वाचायचं.

टीमला पुढे आधार देणं हा मात्र अल्फाच्या साहित्यातला सगळ्यात पातळ भाग. कोर्स कसा चालवायचा ते सांगितलेलं आहे. चालवणारा माणूस दोन वर्षांनी दमून का निघून जातो, यावर फारसं काही नाही. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या 'ख्रिस्तुस विव्हित' या पत्रात, २४६ व्या परिच्छेदात, सिनॉडच्या (बिशपांच्या सभेच्या) आधीच्या बैठकीत तरुणांनीच सांगितलेले मार्गदर्शकाचे गुण आहेत, आणि त्यातला एक असा की मार्गदर्शकाला देव्हाऱ्यात बसवू नये, त्याला स्वतःच्या मर्यादा ओळखता याव्यात. टीमच्या पहिल्या बैठकीत ते पान वाचावं. त्याखेरीज तीन गोष्टी धर्मग्रामाने करायच्या. प्रत्येक संध्याकाळनंतर पंधरा मिनिटं टीमने बसायचं: कोण गप्प होतं, कोण आलं नाही, कोणाला फोन करायचा, आणि बस. महिन्यातून एकदा टीमने फादरबरोबर फक्त स्वतःच्या प्रार्थनेसाठी भेटायचं, त्यात नियोजनाचा एक शब्दही नको. आणि नेमणूक लेखी, एक वर्षाची. वर्ष संपलं की विचारायचं, 'पुढे करणार का?' आणि 'नाही' आलं तर आभार मानून सोडायचं. जे लोक नाराज होऊन गेलेले दिसतात, त्यातले कितीतरी खरं म्हणजे फक्त दमलेले असतात. त्यांना जायला दार कोणी ठेवलेलंच नसतं.

मग घ्यावा का? सहा गटप्रमुख, तीन मदतनीस, बारा मोकळे शनिवार आणि खाण्याचा खर्च एवढं जमत असेल तर जरूर. फुकट मिळणाऱ्या साधनांत ऐकायला शिकवणारं इतकं नेमकं प्रशिक्षण दुसरीकडे क्वचितच सापडेल. जून-जुलैत टीमचं प्रशिक्षण, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पहिली बैठक, गणपतीत एक शनिवार सुट्टी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला समारोप. त्यामुळे नाताळची धांदल आणि बोर्डाच्या परीक्षा दोन्ही टळतात. गटप्रमुख चारच मिळत असतील तर दोन गट करा, सोळा मुलं घ्या आणि बाकीच्यांची नावं पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा. दोनच मिळत असतील तर यंदा मुलांची नोंदणी उघडू नका. त्या दोघांना घेऊन चिठ्ठ्यांचा सराव सुरू करा आणि तिसऱ्या-चौथ्याला त्या गोलात बसवा.